विश्लेषण : सपाट रस्त्यावर सुसाट धावणारा सायकलपटू घाटात का अडतो? चंद्रपूर-गडचिरोलीत चढाचा सराव करायचा तरी कुठे?

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत पुणे जिल्ह्यातील घाटरस्त्यांवरून गेली आणि राज्यभरातील हौशी सायकलपटूंच्या गप्पांमध्ये पुन्हा घाट आला. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची जुनी रीत आहे. पुणे, नाशिक, साताऱ्याच्या सायकलपटूला घाट घरापासून तास-दीड तासावर मिळतो. चंद्रपूर आणि गडचिरोली ही दोन्ही शहरे मात्र समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या आसपास आहेत आणि भोवतालचा बहुतेक मुलूख सपाट. मूल रस्त्यावर ताशी २८ किलोमीटरच्या वेगाने आरामात जाणारा येथील सायकलपटू सह्याद्रीतल्या एखाद्या स्पर्धेत उतरतो, पहिल्याच घाटात त्याचा वेग आठ-नऊवर येतो आणि ‘आपला दम कमी पडतो’ असे समजून तो परततो. बहुतेक वेळा गडबड दमात नसते. ती गिअरमध्ये, सुरुवातीच्या घाईत आणि सपाट रस्त्याने लावलेल्या सवयींमध्ये असते. हे सारे घाटाशिवायही बऱ्याच अंशी सुधारता येते. या दोन जिल्ह्यांतली खरी अडचण निराळी आहे : सरावाला जी वेळ सोयीची, तीच वेळ वन्यप्राण्यांचीही असते.

२८ चा वेग १० वर का येतो?

सायकलपटू ७० किलोचा आणि सायकल, पाण्याच्या बाटल्या, पंक्चरचे सामान मिळून १० किलो, असे ८० किलो वजन धरू. ६ टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ६ मीटर वर. अशा चढावर ताशी १० किलोमीटरने जायला साधारण १५० वॅट ताकद लागते. त्यातले १३० वॅट केवळ वजन वर उचलण्यात खर्च होतात. उरलेले टायरचे घर्षण, साखळी आणि थोड्याशा हवेसाठी.

हेच १५० वॅट वारा नसलेल्या सपाट रस्त्यावर लावले तर वेग मिळतो ताशी २८ किलोमीटर. म्हणजे २८ चा माणूस घाटात १० वर आला, तर तो खचलेला नाही. तो तेवढेच काम करतो आहे, फक्त ते काम आता हवा कापण्याऐवजी वजन उचलण्यात जाते आहे. चढ ६ चा ८ टक्के झाला की तीच ताकद लावून वेग आठच्याही खाली जातो. हा आकडा आधी डोक्यात बसला तर घाटातली निम्मी धास्ती कमी होते. सायकलच्या छोट्या पडद्यावर ९ दिसले म्हणून घाबरून जोर लावणे, ही सपाट भागातून आलेल्यांची पहिली चूक असते.

गटाने चालवण्याचा तोटा होतो?

होतो, आणि तो सहसा लक्षातच येत नाही. सपाट रस्त्यावर ताशी २८ च्या वेगाला पाऊणहून जास्त ताकद हवेचा अडथळा कापण्यात जाते. पुढच्या सायकलच्या मागे चिकटून चालवले की त्यातला साधारण तिसरा हिस्सा वाचतो. मग १५० ऐवजी ११० वॅटमध्ये काम भागते. रविवारी दहा-बारा जणांच्या गटात मागे राहणाऱ्याला आपण २८ चे सायकलपटू आहोत असे वाटत असते, प्रत्यक्षात तो ११० वॅटचा असतो. घाटात १० च्या वेगाला हवेचा वाटा जेमतेम तीन-चार टक्के. तिथे कुणाच्या आडोशाला जाऊन काही वाचत नाही. ११० वॅटचा माणूस ६ टक्क्यांच्या चढावर ताशी साडेसातच्या आसपासच चालेल.

वेळेच्या हिशेबात हे महागात पडते. लांब पल्ल्याच्या ‘बीआरएम’ प्रकारात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात. त्या मार्गात एकूण २००० मीटरची चढाई ६ टक्क्यांची असेल, तर ३३ किलोमीटर चढावे लागतात. ताशी १० ने त्याला ३ तास २० मिनिटे लागतात, साडेसातने जवळपास साडेचार तास. तासाभराहून मोठा हा फरक एकट्या चढातच पडतो. त्यामुळे चढासाठी तयारी करणाऱ्याने आठवड्यातून किमान एकदा एकट्याने किंवा गटाच्या सतत पुढे राहून चालवावे. आपला खरा वेग किती, हे तेव्हाच कळते.

आधी सायकल बदलायची की गिअर?

गिअर. पाच आकडी रकमा मोजून हलकी सायकल घेण्याचा मोह मोठा असतो. अर्ध्या तासाच्या चढात एक किलो वजन कमी झाल्याने साधारण २० सेकंद वाचतात. अडीच किलोने हलकी सायकल घेतली तर ५० सेकंदांच्या आसपास. शर्यत जिंकणाऱ्याला हे सेकंद मोलाचे असतात. हौशी माणसाला त्याहून कितीतरी जास्त फायदा मागच्या मोठ्या दातरीतून मिळतो.

हिशेब असा. जुन्या धाटणीच्या रोड सायकलला पुढे ३९ दात्यांची आणि मागे जास्तीत जास्त २५ दात्यांची चकती असते. ताशी १० किलोमीटरला त्यावर पेडल मिनिटाला ५१ वेळा फिरते. ८ टक्क्यांच्या चढावर वेग उतरला की ३९ वेळाच. इतक्या कमी फेऱ्यांत प्रत्येक फेरीला गुडघ्यावर आणि मांडीवर येणारा भार फार वाढतो, अर्ध्या तासात मांड्या भरून येतात. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असतील तर हेच आकडे ७९ आणि ६१ होतात. ताकद तितकीच लागते, पण ती छोट्या-छोट्या हप्त्यांत विभागली जाते आणि स्नायूंऐवजी हृदय-फुप्फुसांवर जास्त सोपवली जाते. ती यंत्रणा तासन् तास टिकते.

शाळेत जाणाऱ्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून मिळणारी साधी, एका गिअरची सायकल चढावर उतरून ढकलावी लागते. त्यामागचे गणित हेच आहे, त्यात मुलीचा दम कमी असण्याचा संबंध नाही.

मागची कॅसेट बदलण्यापूर्वी सायकलचा मागचा डिरेलर तेवढी मोठी चकती झेलतो का आणि साखळीची लांबी पुरते का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे लागते. अनेकदा तिन्ही वस्तू बदलाव्या लागतात. तरीही नव्या सायकलपेक्षा खर्च कमीच येतो.

चढच नसेल तर सराव कसा?

चंद्रपूरमध्ये यावर सुचवला जाणारा पहिला उपाय म्हणजे उड्डाणपूल. तो कितपत कामाचा? पुलाची उंची ८ मीटर धरली, तर ५०० मीटर चढाईसाठी तो ६० हून जास्त वेळा चढावा लागेल. शिवाय प्रत्येक वेळी चढ मिनिटभरात संपतो आणि उतारावर पाय सुटे होतात. बोरघाटासारख्या चढात पाऊण तास पाय थांबत नाहीत. उड्डाणपुलावर उभे राहून पेडल मारणे, चढ सुरू होण्याआधी गिअर हलका करणे, साखळी ताणात असताना गिअर न बदलणे या गोष्टी छान शिकता येतात. दम वाढवायला तो पुरत नाही. वाहतुकीच्या वेळी तर तिकडे जाऊच नये.

चढासाठी शरीराला जे लागते ते म्हणजे २० ते ५० मिनिटे सलग एकाच नेटाने काम करण्याची सवय, आणि ती सपाटीवर लावता येते. सुरुवातीला १० मिनिटांचे तीन टप्पे, मधे ५ मिनिटे सावकाश. सहा-आठ आठवड्यांत हे २० मिनिटांच्या दोन टप्प्यांपर्यंत न्यायचे. ताकद मोजणारा मीटर नसेल तरी चालते : टप्पा सुरू असताना दोन-तीन शब्दांच्या वर बोलता येऊ नये, पण धापही लागू नये. आठवड्यातून असे दोनच दिवस, एक दिवस लांबची सावकाश फेरी, बाकी हलके. रोजच जोर लावणारे महिन्याभरात थकतात आणि चढात मागेच राहतात.

समोरचा वारा हा सपाट प्रदेशाचा घाटच. ताशी १५ किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात १५० वॅटचा माणूस २८ वरून २० वर येतो. वेग पाहून चिडण्याऐवजी शांतपणे तोच नेट ठेवायला वारा शिकवतो. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून निघायचे आणि परतताना वारा पाठीशी घ्यायचा, हा साधा नियम.

एक फरक मात्र राहतो. सपाटीवर सायकलला स्वतःचा वेग असतो, पेडल वर-खाली येण्याच्या बिंदूवर पायाने ढिलाई केली तरी चाक पुढे जात राहते. चढावर ती ढिलाई लगेच दिसते, प्रत्येक फेरीत सायकल किंचित मंदावते आणि पुन्हा ढकलावी लागते. म्हणूनच सपाटीवर २०० वॅट सहज काढणाऱ्यालाही चढावर तेवढेच २०० जड वाटतात. यावर तोडगा म्हणजे आठवड्यातून एकदा जड गिअर लावून मिनिटाला ५५-६० फेऱ्यांनी पाच-पाच मिनिटांचे चार टप्पे करणे. गुडघा दुखत असेल तर हा प्रकार टाळावा.

सपाट विदर्भातून डोंगर जिंकता येतात याचे उदाहरण जवळच आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही त्याच वर्षी ती पूर्ण केली. त्या मार्गावर कोलोरॅडोतील वुल्फ क्रीक खिंड ३,३०० मीटरहून उंच आहे. नागपूर ३१० मीटरवर.

खरे चढ दोन्ही जिल्ह्यांत कुठे आहेत?

आहेत, पण शहरांपासून दूर. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरकडून जिवतीला जाताना रस्ता माणिकगड पहाडावर चढतो. जिवती तालुका पहाडावरच वसला आहे आणि खालच्या गावांतले लोक त्याला नुसते ‘पहाड’ म्हणतात. पायथ्याशी अमलनाला धरण. हौशी सायकलपटूला जिल्ह्यात चढ अनुभवायचा तर हा सर्वात सरळ पर्याय. अडचण पायथ्यापर्यंतच्या रस्त्याची : राजुरा-गडचांदूर पट्ट्यात सिमेंट कारखान्यांची जड वाहतूक असते. गडचांदूरपर्यंत सायकल गाडीत टाकून नेणे आणि फक्त चढ चालवणे शहाणपणाचे.

गडचिरोलीत उत्तरेला कुरखेडा-कोरची मार्गावर बेडगावचा घाट आहे. पूर्वेला धानोऱ्याकडून मुरूमगावमार्गे छत्तीसगडला जाणाऱ्या रस्त्यावर चढ-उतार लागतात. दक्षिणेला आलापल्ली-एटापल्ली-भामरागडचा डोंगराळ भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केल्यानंतर या भागातील रस्त्यांकडे फक्त बंदोबस्ताच्या नजरेने पाहण्याचे दिवस मागे पडतील, अशी आशा आहे. सायकलपटूसाठी मात्र एटापल्ली-आलापल्ली-आष्टी पट्ट्यातला मोठा धोका सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांचा आहे. खड्डा चुकवायला डावीकडून उजवीकडे सरकणारा सायकलस्वार आणि मागून भरलेला ट्रक, हा प्रसंग टाळण्याचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे तो रस्ता सरावासाठी न निवडणे. बेडगाव, मुरूमगावच्या बाजूला निघण्यापूर्वी रानटी हत्तींचा कळप सध्या कुठे आहे, याची वनविभागाकडे चौकशी करावी. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून आलेले हत्ती तेव्हापासून जिल्ह्याच्या उत्तर आणि पूर्व भागात वावरत आहेत.

सलग मोठा चढ हवा असेल तर विदर्भात चिखलदरा आहेच. परतवाड्याकडून वर जाताना उंची ७०० मीटरहून जास्त वाढते. वर्षातून दोन-तीनदा तिथे जाऊन आपला नेट किती टिकतो ते पाहणे पुरेसे आहे.

पहाटे निघायचे की नाही?

हा या दोन जिल्ह्यांतला सर्वात कठीण प्रश्न. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. शरीराची कार्यक्षमता पाहता १५० वॅट पेडलवर लावणारा माणूस त्याच वेळी ५०० वॅटहून जास्त उष्णता तयार करत असतो. सपाटीवर ताशी २८ चा वारा ती वाहून नेतो, चढावर १० च्या वेगाला वारा जवळपास नसतोच. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर चढाचा सराव करणे धोक्याचे, आणि साहजिकच सगळे पहाटे साडेचार-पाचला निघू पाहतात.

पण जंगलालगतच्या रस्त्यांवर पहाट आणि संध्याकाळ वाघ, बिबट्या आणि अस्वलांच्या हालचालीची वेळ असते. सायकलला आवाज नसतो. वळणावर माणूस आणि जनावर एकमेकांसमोर अचानक येतात, आणि अशा वेळी अस्वल वाघापेक्षाही बेभरवशाचे. हा धोका फक्त खोल जंगलातला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात काम संपवून घरी निघालेल्या कंत्राटी कामगाराचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. ज्यांना पोटासाठी जंगलात जावे लागते त्यांच्यापुढे पर्याय नसतो. छंद म्हणून निघालेल्या सायकलपटूपुढे तो असतो, आणि त्याने तो वापरला नाही तर नंतर होणाऱ्या शोधाशोधीचा ताण गावकऱ्यांवर आणि वनरक्षकांवरच येतो.

व्यवहारात याचा अर्थ असा की उजाडल्यानंतरच शहराबाहेर पडायचे. जंगलपट्ट्यात एकट्याने जायचे नाही. कानात इअरफोन नको. मोहर्लीच्या बाजूचा ताडोबाचा बफर, मूल रस्त्यालगतचा जंगलपट्टा इथे सरावाचे टप्पे करण्याऐवजी वस्तीतून जाणारे मोकळे रस्ते निवडायचे, भले ते कंटाळवाणे असोत. जोर लावून मान खाली घातलेल्या माणसाला समोरचे दिसत नाही, म्हणून जोराचे टप्पे जंगलात नकोतच. घरातला ट्रेनर हा इथे चैनीचा नव्हे, गरजेचा पर्याय ठरतो. मागचे चाक अडकवायचा साधा ट्रेनर आणि समोर मोठा पंखा किंवा कूलर एवढ्यात २० मिनिटांचे दोन टप्पे अंधारात, सुरक्षितपणे होतात. पुढच्या चाकाखाली वीट ठेवली की बसण्याची ढबही चढासारखी होते.

प्रत्यक्ष घाटात काय सांभाळायचे?

सुरुवात. पहिल्या पाच मिनिटांत पाय ताजे असतात आणि शेजारचे पुढे जात असतात. तेव्हा ‘हे जरा सावकाशच होते आहे’ असे वाटले पाहिजे. सुरुवातीला मर्यादेच्या वर घेतलेली उसनवारी वरच्या टप्प्यात दामदुपटीने फेडावी लागते. अर्धा चढ संपल्यावर जोर वाढवता येतो, त्याआधी नको.

बसूनच चढायचे, खांदे सैल, हात हँडलच्या वरच्या सपाट भागावर. वळणाच्या आतल्या बाजूला चढ तीव्र असतो. वाहतूक आणि दृश्यमानता ठीक असेल तर आपल्या लेनमध्येच थोडे बाहेरून घेतले की तो सौम्य होतो. चार-पाच मिनिटांतून एकदा १५-२० फेऱ्या उभे राहून मारल्या की पाठ मोकळी होते. उभे राहण्यापूर्वी एक गिअर जड करावा, नाहीतर पाय रिकामे फिरतात आणि मागच्याच्या अंगावर सायकल येते.

खाणे चढात जमत नाही, धाप लागलेली असते. ते पायथ्याशी पोहोचण्याच्या १५-२० मिनिटे आधी उरकावे : केळे, चिक्की, खजूर, काहीही चालते. लांबच्या फेरीत तासाला ५०-६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत. पाण्यात मीठ-साखर असावी. उन्हात घाम येणे अचानक थांबले, थंडी वाजली किंवा डोके गरगरले तर लगेच सावलीत थांबायचे, अंगावर पाणी घ्यायचे आणि सोबत्याला हाक मारायची. तो दिवस तिथेच संपला.

आणि उताराचे काय?

सपाट जिल्ह्यातल्या सायकलपटूची ही सर्वात दुर्लक्षित बाजू. चढाचा दम घरी कमावता येतो, उताराचा अनुभव ना ट्रेनर देत ना वारा. वर पोहोचल्याच्या आनंदात थकल्या हातांनी ब्रेक दाबत खाली येताना बरेच जण घसरतात. उतरण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून ब्रेकचे रबर आणि टायरची हवा पाहावी. हात हँडलच्या खालच्या वळणावर ठेवावेत. ब्रेक वळणाच्या आधी, चाक सरळ असताना लावावा आणि वळणात सोडावा. सतत ब्रेक घासत राहिल्यास रिम तापते, म्हणून थोडा दाबायचा, थोडा सोडायचा. जिवतीच्या रस्त्यावर पहिल्या दोन-तीन खेपा केवळ उतरण्याचा सराव म्हणून सावकाश कराव्यात. पहाडावर गुरे रस्त्यात बसलेली असतात आणि सायकलची घंटी ऐकून ती उठत नाहीत.